झाड कुठल्या गावचं?

मृग लागायच्या आधीचा आठवडा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत सकाळपासून माणसं यायला लागतात. कुणी मंडणगडहून टेम्पो घेऊन आलेलं असतं, कुणी खेडहून मोटारसायकलच्या मागे क्रेट बांधून. मे महिना गावी काढून मुंबईला निघालेला एखादा चाकरमानी परड्यात लावायला हापूसची चार कलमं नेतो, ती भावाच्या हवाली करतो आणि मगच परतीची गाडी पकडतो. काळ्या पिशव्यांच्या रांगांमधून वाकून बघत बायामाणसं विचारतात, ''सात आहे का? चार संपली का?''

सात म्हणजे वेंगुर्ला-७, चार म्हणजे वेंगुर्ला-४. काजूच्या या जाती आहेत. त्या कशा तयार झाल्या यावरचे प्रबंध या बायांनी वाचलेले नाहीत. पण त्यांचा निष्कर्ष त्यांना पाठ आहे, आणि त्यावर त्या आपल्या उतरणीवरची पाच-दहा गुंठे जमीन लावायला तयार आहेत. विद्यापीठातलं ज्ञान इतक्या सहजपणे वाडीवरच्या बोलण्यात उतरलेलं महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसतं. म्हणूनच विद्यापीठ आणि परिसर यांच्या नात्याबद्दल बोलायचं तर मला दापोलीपासून सुरुवात करावीशी वाटते. इथे नातं खरोखर आहे. ते कसं आहे, कुठे लंगडं आहे, याचा विचार करता येतो.

विद्यापीठ तसं लहान. स्थापना १८ मे १९७२ ची. कृषी महाविद्यालय मात्र त्याआधीच, १९६५ मध्ये, दापोलीत आलं होतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठं. त्यातल्या दापोलीच्या वाट्याला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची, समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली चिंचोळी पट्टी आली. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव दिलं गेलं. कन्नमवारांच्या निधनानंतर १९६३ मध्ये काही दिवस मुख्यमंत्रिपद सांभाळलेले हेच ते कोकणातले पी. के. सावंत. विद्यापीठाचा मुख्य परिसर जांभ्याच्या पठारावर आहे. समुद्र आठेक किलोमीटरवर. दिसत नाही, पण पावसाळी वाऱ्याला त्याचा खारेपणा असतो.

भारतातली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तिकडे सुरू झालेली ती कल्पना आपल्याकडे १९६० मध्ये पंतनगरला आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हे तिचे तीन खांब. यातला 'विस्तार' हा शब्द मला नेहमी थांबवतो. विस्तार होतो तो आतून बाहेर. प्रयोगशाळेत काही सिद्ध होतं आणि ते पसरत पसरत बांधापर्यंत जातं, असं चित्र या शब्दात गृहीत धरलेलं आहे. कोकणातल्या विद्यापीठाचा इतिहास बघितला तर प्रवास असा एकमार्गी झालेलाच नाही. उलट बऱ्याचदा तो बांधावरूनच सुरू झाला.

काजूचंच घ्या. वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र १९५७ पासूनचं, म्हणजे विद्यापीठापेक्षाही जुनं. तिथल्या लोकांनी आसपासच्या गावांत हिंडून काजूची झाडं बघितली. बियांपासून उगवलेलं काजूचं प्रत्येक झाड वेगळं असतं: एकाची बी बोटाएवढी, शेजारच्याची चिंचोक्याएवढी, एक दरवर्षी लागतं, दुसरं नुसतंच माजतं. शेकडो झाडांतून मोजकी निवडायची, त्यांच्या उत्पन्नाची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची, काड्या आणून कलमं बांधायची, वेगवेगळ्या जमिनींत लावून बघायची, आणि मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढे ठेवायची. वेंगुर्ला-१ ही जात अशीच आली. वेंगुर्ले तालुक्यातल्या आणसूर गावातल्या एका झाडाची ती निवड. १९७४ मध्ये ती प्रसारित झाली. याच तालुक्यातलं दुसरं गाव वेतोरे. तिथल्या ५६ क्रमांकाच्या झाडाशी बंगालच्या मिदनापूर रेडचा संकर करून वेंगुर्ला-४ झाली. आणसूर आणि वेतोरे इथल्या झाडांच्या संकरातून वेंगुर्ला-३, आणि तिच्या पुढच्या संकरातून वेंगुर्ला-७.

म्हणजे रोपवाटिकेत ''सात आहे का?'' असं विचारणारी बाई, तिला ठाऊक नसेल, पण आणसूर आणि वेतोऱ्याचीच कलमं मागत असते. एका गावच्या परसातून निघालेलं झाड संशोधन केंद्रातून फिरून दुसऱ्या गावच्या उतरणीवर चाललेलं असतं. विद्यापीठाने या प्रवासात फार मोठं काम केलं: निवडलं, पारखलं, मिसळलं, वाढवलं. फक्त प्रवासाच्या शेवटी पिशवीवर जो आकडा राहिला, त्यात गावाचं नाव गळून पडलं.

यावर कुणी म्हणेल, काजू तर पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. मग आणसूरचं झाड तरी आणसूरचं कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि हापूसलाही तो लागू होतो. त्याच्या तर नावातच पोर्तुगीज माणूस बसलेला आहे. पण झाड कुठून आलं यापेक्षा ते कुणी राखलं हे मला महत्त्वाचं वाटतं. शंभर झाडांतलं एक चांगलं लागतं हे आणसूरमधल्या कुणालातरी आधी कळलं. सरपणाला झाडं तोडताना त्याने किंवा तिने ते एक सोडलं. गुरं बांधली नाहीत, खोडाला वणव्यापासून जपलं. संशोधक आले तेव्हा ''त्या वरच्या झाडाची बी मोठी'' असं बोट दाखवून सांगणारं कुणीतरी होतं. हे निरीक्षणच होतं. फक्त ते कुठल्या वहीत नव्हतं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आपण २००१ मध्ये केला, तो याच गोष्टीला मान देण्यासाठी. वाण राखणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि समूहांचा हक्क तो मानतो. कायद्याच्या पुस्तकात जे मान्य झालं आहे, ते रोपवाटिकेतल्या पाटीवर यायला हरकत नसावी.

आणि असं करता येतं, याचा दाखला विद्यापीठाने स्वतःच दिलेला आहे. जांभळाच्या जातीला 'कोकण बहाडोली' असं नाव देताना पालघरमधलं बहाडोली गाव त्यात जसंच्या तसं ठेवलं. त्यामुळे आज जांभूळ लावणारा माणूस नकळत एका गावाचं नाव घेतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नोंदणीधारकांत विद्यापीठाच्या बरोबरीने देवगडच्या आणि केळशी परिसरातल्या उत्पादकांच्या संस्थांचीही नावं लागली. केळशी दापोली तालुक्यातलंच. विद्यापीठ आणि गाव एकाच कागदावर, एकाच ओळीत. मला हे नातं हवं आहे.

मी उणं काढायला बसलेलो नाही. विद्यापीठाने कोकणाला काय दिलं हे डोळ्यांना दिसतं. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि वरकस जमिनींचं रूप पालटलं. जिथे नाचणी-वरी घेऊन चार-पाच वर्षं जमीन पड टाकायची रीत होती, तिथे आंबा आणि काजू उभे राहिले. त्या योजनेला लागणारी लाखो कलमं आकाशातून पडली नाहीत. कलम बांधायची रीत सोपी करून ती खेड्यातल्या पोरांच्या हाती देणं, खाजगी रोपवाटिका उभ्या राहू देणं, हे काम त्यामागे होतं. निलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना आला, पुढे जवळजवळ बाठाच नसलेला सिंधू आला. कोकमाची 'कोकण अमृता' आली, खाऱ्या जमिनीत तगणारी पनवेलची भातं आली. आंबा देठासकट उतरवणारा 'नूतन झेला' तर इतका घरोघरी गेला की तो विद्यापीठाचा आहे हेही लोक विसरले. संस्थेला यापेक्षा मोठी दाद कुठली?

पण ज्ञान एकाच दिशेने वाहिलं की काय होतं, तेही आंब्याच्याच बागेत दिसतं. हापूस एक वर्षाआड लागतो. त्यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत कल्टार, वापरायची शिफारस झाली. किती वयाच्या झाडाला, किती मात्रेत, कधी, खताची जोड कशी द्यायची, हे सगळं शिफारशीत होतं. बाटली गावोगाव पोचली, शिफारस वाटेत राहिली. ज्यांनी बागा कराराने घेतल्या त्यांचा जीव दोन-तीन हंगामांत अडकलेला; झाड तीस वर्षं जगावं ही काळजी त्यांची नव्हती. मात्रा वाढल्या, झाडं थकली. हा दोष रसायनशास्त्राचा नाही. बाग कुणाच्या मालकीची, ती राखतं कोण, पैसा कुणाला हवाय आणि कधी, हे समजून न घेता दिलेला सल्ला असाच अर्धवट पोचतो. समज आधी गावाकडून यायला हवी होती.

ती समज आणायची सोय विद्यापीठाकडे आहे, आणि ती म्हणजे विद्यार्थी. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलं-मुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी काही आठवडे गावात जातात. सगळे त्याला 'रावे' म्हणतात. मुलांना 'कृषीदूत' म्हणतात, मुलींना 'कृषीकन्या'. ऐन आषाढात ही मंडळी येतात. आमच्या वाडीतही काही वर्षांपूर्वी सहा मुली आल्या होत्या. एक बीडची, एक सांगलीकडची, दोघी विदर्भातल्या, दोघी रायगडच्या. बीडच्या मुलीने असा पाऊस जन्मात पाहिला नव्हता. पहिले दोन दिवस ती खळ्यात उतरायलाच तयार नव्हती. चौथ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहून लावणी करत होती, आणि आवणाची मूठ किती जाडीची घ्यायची हे माझी काकू तिला दाखवत होती.

त्यांच्या कामात गावाचा नकाशा काढणं असतं. शाळेच्या व्हरांड्यात रांगोळीने त्यांनी वाडी काढली: रस्ता, विहीर, सहाण, घरं. घरांत रंग भरायला घेतले तेव्हा काकू म्हणाली, ''सगळ्यांना नका गो रंग भरू.'' मुलींना कळेना. काकूने बोटाने एकेक घर दाखवलं. ''हे बंद. हे बंद. हे गणपतीला उघडतं. ह्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला. इथे नुसती म्हातारी आहे, ती पण दिवाळीनंतर जाईल. ज्यांची चूल पेटते तेवढीच रंगवा, बाकीच्यांना नुसती रेघ मारा.'' मुलींनी तसं केलं. अकरा घरांपैकी पाचात रंग भरला, सहा घरं नुसत्या पांढऱ्या रेघांची राहिली. कोकणाच्या शेतीवरचा इतका खरा नकाशा मी दुसरा पाहिलेला नाही. दुपारी त्याचा फोटो निघाला, अहवालात लागला. संध्याकाळच्या सरीत व्हरांड्यावर पाणी उडालं आणि रांगोळी वाहून गेली. पुढच्या वर्षी मुली आल्या नाहीत. त्यांची तुकडी दुसऱ्या गावाला लागली होती.

माझा मुद्दा या रांगोळीत आहे. दूत हा कुणाचातरी निरोप घेऊन येतो. कृषीदूत बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक करतात, बोर्डो मिश्रण कालवून दाखवतात, माती तपासायला नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. चांगली कामं आहेत ती. पण जुन्या काळी दूताचं अर्धं काम निरोप पोचवण्याचं असे आणि अर्धं परत जाऊन सांगण्याचं. ते दुसरं अर्धं आपण सोडून दिलं. काकूने सांगितलं ते विद्यापीठात कुणापर्यंत पोचलं? गुणपत्रिकेवर त्याचे गुण पडले असतील. त्यातून कुठला प्रश्न निघाला का, कुठला संशोधनाचा विषय झाला का, हे आम्हाला कळलं नाही, आणि कळवावं अशी पद्धतही नाही.

गावाकडे विचारायला प्रश्न कमी नाहीत. सातबारावर तीस-चाळीस नावं असतात. आजोबांचे भाऊ, त्यांच्या मुली, मुलींची मुलं. निम्मे मुंबईत, काही कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही. अशा सामायिक जमिनीवर झाड कुणी लावायचं, अनुदानाच्या अर्जावर सही कुणाची घ्यायची? माकडं आणि रानडुकरं दुसरा प्रश्न. वाडीतली माणसं कमी झाली तशी राखण संपली, राखण संपली तशी जनावरं घरापर्यंत आली, आणि जनावरं आली म्हणून उरलेल्यांनी शेती सोडली. हे चक्र कुठल्याही नव्या वाणाने तुटत नाही. आंब्याच्या बागा आज नेपाळहून आलेले राखणे सांभाळतात. त्यांची पोरं इथल्या अंगणवाडीत जातात. फवारणी तेच करतात, मोहोराचं निरीक्षणही तेच करतात. त्यांच्यासाठी प्रात्यक्षिक कधी झालं आहे? लावणी बाया करतात आणि 'प्रगतशील शेतकरी' म्हणून फोटोत पुरुष उभा राहतो, हे तर नेहमीचं. विद्यार्थी गावात आले की त्यांची सोय सरपंचांकडे किंवा मोठ्या बागायतदाराकडे होते, आणि गाव त्यांना त्या ओटीवरून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, कोळीवाडा ही एका गावातली चार गावं. चारही ठिकाणी बसल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही.

समुद्राचंही तसंच. मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ शिरगावला आहे आणि त्याचं काम आपल्या जागी आहे. पण मी दापोलीच्या मुलांबद्दल बोलतो आहे. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात उभ्या होड्या, वाळूवर बर्फ आणि मासळी वाहणाऱ्या बैलगाड्या. विद्यार्थी तिथे जातात ते फिरायला. खरं तर किनाऱ्यावरच्या गावांत शेती आणि समुद्र अशी वेगळी खाती नसतात. एकाच घरात आगर असतं आणि होडीतला वाटा असतो. माडाच्या आळ्यात मासळीचं खत जातं. खाडीकाठची खार जमीन तर समुद्राकडूनच उसनी घेतलेली. बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात, आणि दोन-तीन वर्षांत भाताच्या जागी तिवरं. खाऱ्या जमिनीत तगणारं बियाणं विद्यापीठाने दिलं, पण बांध राखायला गाव एकत्र यावं लागतं. पूर्वी ते येत असे, वर्षातून ठरलेल्या दिवशी, घरटी एक माणूस. ती रीत का मोडली आणि ती पुन्हा कशी बसेल, हा मला बियाण्याइतकाच कृषी विद्यापीठाचा विषय वाटतो.

नातं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २८ जुलै २०१८ चा शनिवार दापोलीतलं कुणी विसरणार नाही. विद्यापीठातले कर्मचारी महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली. एकच माणूस वाचला. धुक्यात आणि पावसात दोराने दरीत उतरून मृतदेह वर आणणारे गिर्यारोहक आणि पोलादपूर-महाबळेश्वरकडचे गावकरी यांना या माणसांची नावंही ठाऊक नव्हती. इकडे गेलेल्यांपैकी कुणाचा मुलगा आमच्या ओळखीच्या शाळेत होता, कुणाकडे शेजाऱ्याने कलमांची नोंदणी केली होती, कुणी दर मंगळवारी त्याच वाण्याकडे सामान भरत होतं. विद्यापीठाचे लोक आणि गावचे लोक असे दोन गट आपण बोलण्यापुरते करतो. दुःखाच्या दिवशी ते दोन नव्हते.

पुढे दोन वर्षांनी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ आलं. केळशी, आंजर्ले, आडे, पाडले, हर्णै, मुरूड इथल्या नारळी-पोफळीच्या आगरांतून ते गेलं. सुपारीची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडून पडली. सुपारी नव्याने लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. साठीच्या माणसाने ती कुणासाठी लावायची? त्या वेळी टाळेबंदी होती. वसतिगृहं रिकामी झाली होती, मुलं घाटावरच्या आपापल्या गावी गेलेली. त्या वर्षी रावेही त्यांनी आपापल्या गावीच केलं. वादळानंतरच्या त्या पावसाळ्यात दापोलीच्या किनाऱ्याला शेकडो तरुण हातांची गरज होती, आणि नेमके त्या वर्षी ते हात नव्हते. दोष कुणाचाच नाही. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दरवर्षी जुलैत येणारी ही पोरं आमच्या गणतीत होती. त्यांच्या नसण्याने वाडी आणखी रिकामी वाटली.

आजच्या विद्यार्थ्यांबद्दल एक तक्रार सतत ऐकू येते, की ही मुलं शेती शिकायला येतात आणि चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास करतात. तक्रारीत तथ्य आहे. अभ्यासिकेत रात्री दिवे जळतात ते पीकशास्त्रासाठी नव्हे. पण त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. विद्यापीठांतली पदं वर्षानुवर्षं रिक्त राहतात, शेतीखात्याची भरती रखडते, घरी वडिलांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू. त्या मुलाने दुसरं काय करावं? मला उलट वाटतं की हीच गोष्ट कामाला लावावी. ही मुलं उद्या तहसीलदार होणार, गटविकास अधिकारी होणार, वनखात्यात जाणार. सामायिक सातबारा, खारबंधारे, रानडुकरं हे सगळे प्रश्न शेवटी त्यांच्याच टेबलावर येणार आहेत. रावेच्या आठवड्यांत एका मुलाने एका घराचा सातबारा हातात घ्यावा, त्यावरच्या चाळीस नावांतला प्रत्येक माणूस कुठे आहे हे काकूंसारख्या कुणाला विचारून लिहून काढावं. त्यातून तो जे शिकेल ते कुठल्या मार्गदर्शक पुस्तकात नाही. दहा वर्षांनी जिंतूरला किंवा चंदगडला खुर्चीवर बसल्यावर समोरच्या अर्जामागचं घर त्याला दिसेल.

यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा विभाग लागत नाही. एक गाव एका तुकडीने सोडलं की पुढच्या तुकडीने तेच घ्यावं, निदान पाच वर्षं. गावाची एक वही असावी. जाड पुठ्ठ्याची, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवलेली. पहिल्या वर्षीच्या मुलींनी बंद घरांच्या रेघा त्यात काढाव्यात. पाचव्या वर्षीच्या मुलांनी त्यातलं एखादं घर उघडलं असेल तर त्यात रंग भरावा. गावाने विचारलेले प्रश्न त्यात लिहावेत आणि विद्यापीठाने दरवर्षी त्यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं, मग ते 'आम्हाला अजून जमलेलं नाही' असं का असेना. लावणी शिकवणाऱ्या बाईला, झाड ओळखणाऱ्या म्हाताऱ्याला, लिलावात बोली लावणाऱ्या कोळणीला वर्षातून एकदा वर्गात बोलवावं, पाहुणे म्हणून सत्काराला नव्हे, शिकवायला, आणि तासाचं मानधन द्यावं. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. हे विषय तिथे मांडणं त्यांचं काम आहे, आणि ते मांडलेत का, हे विचारणं आपलं.

विद्यापीठाचं हे सगळं होईल तेव्हा होईल. वाचकांकडे मात्र माझं एक मागणं आहे आणि ते याच जूनमध्ये करता येण्यासारखं आहे. रोपवाटिकेत जाल, दापोलीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किंवा तुमच्या तालुक्यातल्या, तेव्हा कलम हातात घेण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, हे झाड मुळात कुठल्या गावचं? त्याला माहीत नसेल तर माहिती काढून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. आणि तुमच्या परसात कुणी न लावलेलं, पण दरवर्षी न चुकता लागणारं एखादं फणसाचं, कोकमाचं, रायवळ आंब्याचं झाड असेल, तर या पावसाळ्यात कृषीदूत दारात आले की त्यांना चहा देण्याआधी ते झाड दाखवा. त्याचं नाव, तुमच्या गावाचं नाव आणि ते राखणाऱ्या तुमच्या आजीचं नाव त्यांच्या वहीत तुमच्यासमोर लिहून घ्या.